तेल कमी पडणाऱ्या ठिकाणी बिडाचे गिअर निवडताना
गोव्यातील वेर्ण्याच्या कारखान्यात तुम्ही नव्याने रुजू झाला आहात, म्हणून आग्रहाने सांगतो की, तेल अपुरे मिळणार असेल तर बिडाचा गिअर केवळ कठीणपणाच्या आकड्यावरून निवडू नका. करड्या बिडातील ग्राफाइटच्या पापुद्र्यांमुळे तेल आटल्यावरही दात चटकन चिकटत नाहीत, हे खरे. पण जड भाराखाली तडे तिथूनच सुरू होतात. अशा कामाला गोल ग्राफाइटचे, २५० ते ४०० अंश सेल्सियसच्या दरम्यान ऑस्टेम्पर केलेले, म्हणजे खूप तापवून मग झटकन या तापमानावर आणून काही वेळ तिथेच ठेवलेले, बीड मला अधिक भरवशाचे वाटते. दात भिंगाखाली धरा: पिच रेषेच्या (दाताच्या साधारण मध्यावरची रेषा, जिथे दोन दात न घसरता एकमेकांवर फिरतात) जरा खाली बारीक खळगे दिसले तर तो पृष्ठभागाचा थकवा असतो, टोकाकडे उभे ओरखडे दिसले तर तेलाचा थर तुटलेला असतो. ओरखडे असल्यास धातू बदलण्याआधी तेलाची वाट तपासा, आणि इथल्या पावसाळ्यात तेलात पाणी शिरले आहे का, तेही पाहा.