बफेलोत घर घेणार असाल तर स्नो ब्लोअरचं आधी बघा

पुण्याहून बफेलोला (अमेरिकेतल्या न्यूयॉर्क राज्यात) नोकरीसाठी येताय, सोबत आठ वर्षांची मुलगी आहे, आणि शरद ऋतूपर्यंत ॲमहर्स्ट या उत्तरेच्या उपनगराच्या बाजूला दोन गाड्यांच्या ड्राइव्ह-वेचं (रस्त्यापासून गॅरेजपर्यंतच्या वाटेचं) घर घ्यायचा विचार आहे. तुम्ही विचारलंय की बर्फ काढायला माणूस लावावा की पेट्रोलवरचा स्नो ब्लोअर, म्हणजे बर्फ उचलून बाजूला फेकणारं यंत्र, घ्यावा, आणि घेतला तर त्याची निगा कशी राखायची. शेवटी शाळेचं आणि एकटेपणाचं ओझरतं विचारलंय. व्हिसा, लायसन्स, सोशल सिक्युरिटी हे सगळं सरकारी पानांवर आहे, ते मी पुन्हा लिहीत नाही. यंत्राबद्दल मात्र सविस्तर लिहितो. देश सोडून येण्याच्या या खटाटोपात छातीठोकपणे सांगावं असं माझ्याकडे तेवढंच आहे.

बफेलोत हिवाळ्यात सरासरी २४० सेंटीमीटरच्या आसपास बर्फ पडतो, पण या आकड्यावर जाऊ नका. इअरी सरोवराचं पाणी उघडं असेपर्यंत नैऋत्येचा वारा त्यावरून वाफ उचलतो आणि एका अरुंद पट्ट्यात ओततो. नोव्हेंबर २०२२ मध्ये ऑर्चर्ड पार्कला चार दिवसांत ८० इंच, म्हणजे दोन मीटर बर्फ पडला. उत्तरेकडच्या उपनगरांत त्या मानाने फारच कमी. म्हणजे घर ॲमहर्स्ट-विल्यम्सव्हिलला घेता की दक्षिणेला हॅम्बर्ग-ऑर्चर्ड पार्ककडे, यावर यंत्राचा आकार ठरतो.

माणूस लावायचा तर हंगामाचा ठेका असतो. करारात दोन किंवा तीन इंचांची अट असते, तेवढा बर्फ साठल्याशिवाय तो येत नाही, आणि येतो तो त्याच्या फेरीच्या वेळेला. तो गेल्यावर टाउनचा प्लाऊ (बर्फ ढकलणारी पात्याची गाडी) रस्ता साफ करत जातो आणि तुमच्या ड्राइव्ह-वेच्या तोंडावर गुडघाभर कडक बांध घालून ठेवतो. तो बांध तुमचा. दारासमोरची वाट तुमची आणि बऱ्याच ठिकाणी फुटपाथही तुमचाच. कामानिमित्त सतत बाहेरगावी असणार असाल तर ठेका घ्या, नाहीतर यंत्र.

सिंगल-स्टेज यंत्राचा रबरी ऑगर, म्हणजे बर्फ आत ओढणारा फिरता स्क्रू, जमिनीला घासत चालतो. पंधरा-वीस सेंटीमीटर ताज्या बर्फाला ते उत्तम, वजनाला हलकं, पण प्लाऊच्या बांधापुढे ते नुसतं नाचतं. खडीच्या ड्राइव्ह-वेवर तर दगड उडवतं. टू-स्टेजमध्ये पुढचा लोखंडी ऑगर बर्फ फोडून मध्यभागी आणतो आणि मागचा इम्पेलर (पंखा) तो शूटमधून (वरच्या नळकांड्यातून) बाहेर फेकतो. तुम्हाला हेच लागेल, २४ इंच रुंदीचं, २०० ते २५० सीसीचं. २८ इंचीचा मोह टाळा, गॅरेजमध्ये दोन गाड्या लावल्यावर ते वळवायला जागा राहत नाही. नवीन २४ इंची साधारण हजार ते दीड हजार डॉलरला पडतं. एरियन्स किंवा टोरो, जवळ ज्याचा दुरुस्तीवाला असेल ते घ्या. वजन शंभर किलोच्या आसपास, त्यामुळे गाडीच्या डिकीत घालून आणू हा विचार सोडा. बॅटरीवाली यंत्रं छोट्या ड्राइव्ह-वेला ठीक आहेत. सरोवराच्या बर्फात, रात्रभर पडून पुन्हा सकाळी पडत असताना, ती चार्जिंगला लावून बसण्यात अर्थ नाही.

आता पेट्रोल. हिवाळ्यात बंद पडलेल्या यंत्रांपैकी बहुतेकांचं दुखणं इथेच असतं. पंपावरच्या साध्या पेट्रोलमध्ये १० टक्क्यांपर्यंत इथेनॉल असतं. इथेनॉल हवेतला ओलावा ओढतं, पेट्रोल महिन्याभरात शिळं होऊ लागतं, आणि कार्ब्युरेटरच्या वाटीत त्याचा चिकट राप बसतो. ८७ ऑक्टेनचं पेट्रोल चालतं, पण ई-१५ किंवा ई-८५ (जास्त इथेनॉलवालं) कधीही घालू नका. इथेनॉलविरहित मिळालं तर उत्तम. पेट्रोल कॅनमध्ये भरतानाच स्टॅबिलायझर मिसळा. नेहमीच्या लाल स्टॅबिलायझरचं प्रमाण अडीच गॅलनला एक औंस, म्हणजे साडेनऊ लिटरला ३० मिली. एप्रिलमध्ये शेवटचा बर्फ गेला की टाकी रिकामी करा, इंजिन आपोआप बंद पडेपर्यंत चालवा, मग कार्ब्युरेटरच्या वाटीखालचा बोल्ट ढिला करून उरलेले थेंब काढा. एवढं पंधरा मिनिटांचं काम टाळलं की नोव्हेंबरमध्ये यंत्र फक्त अर्ध्या चोकवर चालतं, आवाज वरखाली होतो, चोक काढला की मरतं. याचा अर्थ जेट, म्हणजे पेट्रोल जायचं बारीक भोक, तुंबला. वाटी काढून कार्ब्युरेटर क्लीनर मारा. लुना-स्कूटरचा जेट सुईने साफ करायचा हात असेल तर तो आवरा. पितळेचं भोक जरा मोठं झालं तरी मिश्रण बिघडतं. वायरीतली तांब्याची एक बारीक तार पुरते.

या इंजिनांना सहसा एअर फिल्टर नसतो. उडणारा बर्फ फिल्टरवर गोठून हवा कोंडेल म्हणून तो देतच नाहीत. तेव्हा उन्हाळ्यात धुळीत "जरा चालवून बघू" हे नको. ऑइल ५डब्ल्यू-३०, शक्यतो सिंथेटिक. साधारण ६०० मिली लागतं, पण मापापेक्षा डिपस्टिकवर भरवसा ठेवा आणि यंत्र सपाट जागी ठेवून बघा. नवीन यंत्राचं पहिलं ऑइल पाच तासांनी बदलायचं, नंतर दर हंगामाला. बदलताना इंजिन कोमट हवं. स्पार्क प्लगची फट ०.७६ मिलिमीटर.

थंड इंजिन सुरू करताना पेट्रोलचा कॉक उघडा, किल्ली आत, थ्रॉटल पूर्ण (सशाच्या चित्राकडे), चोक पूर्ण, प्रायमर (पेट्रोल पुढे ढकलणारं रबरी बटण) दोन-तीनदा दाबा. इलेक्ट्रिक स्टार्ट बहुतेक यंत्रांत बॅटरीवर नसतो, घरातल्या १२० व्होल्टच्या सॉकेटवर असतो. तीन पिनांची जाड एक्स्टेन्शन वायर लागते. बटण सलग पाच-दहा सेकंदांपेक्षा जास्त दाबू नका, स्टार्टर जळतो. इंजिन पकडलं की आधी सॉकेटमधली वायर काढा, मग यंत्राकडची, आणि चोक हळूहळू सोडा. आणि हे सगळं गॅरेजच्या बाहेर. दार उघडं ठेवलं तरी आत कार्बन मोनॉक्साइड साठतो आणि घरात शिरतो.

शिअर पिनबद्दल जास्त लिहितो, कारण नवखे लोक इथेच पैसे घालवतात. ऑगर शाफ्टला या मऊ धातूच्या पिनांनी जोडलेला असतो. बर्फाखाली प्लास्टिकच्या पिशवीतलं वर्तमानपत्र, पायपुसणं किंवा गोठलेला दगड आला की पिन तुटते आणि गिअरबॉक्स वाचतो. तुटलेल्या पिनेच्या जागी हार्डवेअरच्या दुकानातला बोल्ट घातलात तर पुढच्या वेळी बोल्ट टिकेल आणि गिअरबॉक्स जाईल. त्याचा खर्च ऐकून यंत्रच बदलावंसं वाटतं. आपल्या मॉडेलच्या अर्धा डझन पिना गॅरेजमध्ये ठेवा. त्याहून महत्त्वाचं असं की दरवर्षी सगळ्या पिना काढा, ऑगरच्या निपलमध्ये ग्रीस गनने ग्रीस भरा आणि ऑगर शाफ्टवर हाताने मोकळा फिरतो का ते बघा. गंजून चिकटला असेल तर पिन तुटूनही उपयोग नाही, धक्का थेट गिअरबॉक्सला बसतो.

खालचे स्किड शू (यंत्र ज्यांवर घसरतं ते पाय) डांबरी ड्राइव्ह-वेसाठी असे लावा की स्क्रेपर बार (खालची खरवडणारी पट्टी) जमिनीपासून सुमारे तीन मिलिमीटर वर राहील. खडी असेल तर अडीच सेंटीमीटर. दोन्ही टायरांत हवा सारखी हवी, नाहीतर यंत्र एका बाजूला ओढतं आणि माणूस उगाच गिअरला दोष देतो. आत दोन पट्टे असतात, एक चाकांचा, एक ऑगरचा. यंत्र पुढे जातंय, आवाज ठीक आहे, पण बर्फ दोन फुटांवर पडतोय आणि जळका वास येतोय, तर ऑगरचा पट्टा घसरतोय. एक जादा पट्टा आधीच आणून ठेवा, वादळाच्या दिवशी दुकानात तो मिळत नाही. चढावर चाकं फिरेनाशी झाली तर आतली रबरी फ्रिक्शन डिस्क झिजलेली असते. तिला ग्रीसचा हात लागू देऊ नका.

चालवताना थ्रॉटल नेहमी पूर्ण. वेग कमी करायचा तो गिअरने. कोरडा बर्फ कसाही उडतो. शून्य अंशाच्या आसपासचा ओला बर्फ इडलीच्या पिठासारखा शूटमध्ये बसतो. शूटला आधीच सिलिकॉन स्प्रे मारा आणि सर्वांत हळू गिअरमध्ये अर्ध्याच रुंदीचा घास घ्या. तुंबला तर इंजिन बंद करा, किल्ली काढा, सगळं फिरायचं थांबू द्या, मग यंत्राबरोबर मिळालेल्या दांड्याने साफ करा. हात कधीही घालू नका. इंजिन बंद असतानाही अडकलेल्या इम्पेलरमध्ये ताण उरलेला असू शकतो आणि बर्फ निघताच तो अर्धा फेरा मारतो. बोटं जातात ती अशी.

एक युक्ती इथले जुने लोक करतात. रस्त्याकडे तोंड करून उभं राहिलं की आपल्या बाजूची वाहतूक डावीकडून येते. ड्राइव्ह-वेच्या डाव्या अंगाला रस्त्याच्या कडेचा एक मोठा चौकोन साफ करून ठेवा. प्लाऊच्या पात्यावरचा बर्फ तिथे रिकामा होतो आणि तुमच्या तोंडावरचा बांध बराच कमी भरतो. बर्फ रस्त्यावर फेकायचा नाही, दंड होऊ शकतो. ड्राइव्ह-वेची कड बर्फात कळावी म्हणून परावर्तक काठ्या जमीन गोठायच्या आत, नोव्हेंबरच्या सुरुवातीलाच ठोका. काम संपल्यावर दोन मिनिटं यंत्र रिकामंच चालवा म्हणजे आतला बर्फ उडून जातो. नाहीतर इम्पेलर रात्रीत गोठून बसतो आणि सकाळी लिव्हर दाबताच पट्टा जळतो.

यंत्र असूनही फावडं लागतंच. ओल्या बर्फाचं फावडं मारताना दर वर्षी माणसं हृदयविकाराने जातात, २०२२ च्या वादळातही गेली. आपल्या लोकांना हा आजार तुलनेने लवकर गाठतो. चाळिशी ओलांडली असेल तर बांध फोडायच्या भरात येऊ नका.

मुलीच्या शाळेचं. शाळेत नाव घालताना घरात कोणती भाषा बोलता याचा फॉर्म भरावा लागतो. तिथे "मराठी" लिहिलंत, आणि लिहालच, की मुलाखत आणि मग इंग्रजीची चाचणी होऊ शकते. चाचणीत कमी पडली, आणि नव्या देशात अनोळखी माणसासमोर गप्प बसलेलं मूल कमी पडतंच, तर ती इंग्रजी शिकणाऱ्यांच्या वर्गवारीत जाते. त्यातून बाहेर पडायचा रस्ता साधारणपणे वसंतातल्या वार्षिक परीक्षेतून जातो. इंग्रजी माध्यमातून आलेल्या, पुस्तकांचा फडशा पाडणाऱ्या मुलांचंही असं होतं. मूल विसरतं. आईबाप विसरत नाहीत, निदान माझ्या मनातून ते गेलेलं नाही. तेव्हा निबंधांच्या वह्या, प्रगतिपुस्तकं सामानात घाला, मुलाखतीला सोबत न्या, आणि निर्णय पटला नाही तर ४५ शालेय दिवसांच्या आत लेखी फेरविचार मागा. मागायचा हक्क आहे हे आपणहून कोणी सांगेल याची वाट बघू नका. फॉर्मवर "इंग्रजी" लिहा असा सल्ला तुम्हाला बरेच देतील. तो मी देणार नाही. मूल शेजारी उभं राहून वाचत असतं.

एकटेपणा वाटतो. डिसेंबरमध्ये पावणेपाचच्या सुमाराला अंधार पडतो, शेजारी दिसतात ते यंत्रामागे, कानांवर मफ लावलेले, आणि हात वर करण्यापलीकडे बोलणं होत नाही. सकाळी सहाला तुम्ही बर्फ काढत असता तेव्हा पुण्यात दुपारचे साडेचार वाजलेले असतात. घरचे बर्फाचे फोटो मागतात, आपण पाठवतो, आणि बाकीचं दोन्हीकडून राहून जातं. यावर माझ्याकडे तोडगा नाही. यंत्र हातात असताना शेजारच्या म्हाताऱ्यांचा फुटपाथही साफ करून टाका. यात परोपकार मुळीच नाही, पण मार्चपर्यंत नावानिशी ओळख होते.

आणि घर बघताना एक विचारा. विकणारे निवृत्त होऊन फ्लोरिडाला जाणारे असतील तर त्यांना ब्लोअर नकोच असतो. खरेदीच्या करारात तो लिहून घ्या, तोंडी नको. बघायला जाल तेव्हा आधी सायलेन्सरजवळ हात नेऊन इंजिन थंड आहे ना बघा. आधीच तापवून ठेवलेलं यंत्र कोणाच्याही हाताने सुरू होतं. ऑगरच्या गिअरबॉक्सखाली तेलाचा डाग आहे का, इम्पेलर हलवला तर बेअरिंगमध्ये खेळ आहे का, आणि शिअर पिनांच्या जागी कोणी साधे बोल्ट ठोकलेत का, तेही तपासा. बोल्ट दिसले तर गिअरबॉक्स आतून गेलेला असू शकतो, मग ते यंत्र फुकटही घेऊ नका.