कॉलेजातलं 'बोनाफाईड' आणि घरमालकाच्या नोटिशीतली 'बोनाफाईड गरज' एकच का?

शब्द तोच आहे हो, फक्त पुण्यात आपण सगळ्यांनी मिळून त्या विशेषणाचं कधीच नाम करून टाकलंय, "बोनाफाईड काढलंस का", "दोन बोनाफाईड जास्तीची घेऊन ठेव" वगैरे, त्यामुळे तुमची आजी पेठेत ज्या खोल्यांत भाड्याने राहते, त्या सोडा म्हणून घरमालकाने पाठवलेल्या नोटिशीत तो वाचून तुम्ही चक्रावलात यात नवल नाही.

मूळ लॅटिन, अर्थ 'सद्भावनेने', म्हणजे मनात काळंबेरं न ठेवता. इंग्रजीत विशेषण म्हणून वापरला की खराखुरा, हेतू साफ असलेला. कॉलेजच्या खिडकीवर मिळणारा कागद एकदा नीट वाचा. कारणाच्या जागी 'बस पास' नाहीतर 'स्कॉलरशिप', खाली गोल शिक्का, आणि मधलं वाक्य असं की अमुक अमुक हा आमचा बोनाफाईड स्टुडंट आहे. म्हणजे बोनाफाईड तुम्ही, कागद नाही!

ऑफिसच्या मेलमध्ये 'बोनाफाईड मिस्टेक' असतं ते पण हेच, चूक झाली पण मुद्दाम नाही. उलटा शब्द मालाफाईड. रोजच्या बोलण्यात मात्र हा शब्द जड वाटतो, तिथे सरळ जेन्युइन म्हणा. उच्चार काही वकील 'बोना फायडी' करतात, तोही बरोबरच.

आता नोटीस. महाराष्ट्र भाडे नियंत्रण कायदा 1999, त्याच्या कलम 16 मध्ये भाडेकरूकडून जागा परत मागायची जी कारणं दिलीत त्यातलं एक म्हणजे घरमालकाला स्वतःला जागा वाजवी आणि बोनाफाईड कारणाने हवी असणे. या एका शब्दावर केसेस वर्षानुवर्षं चालतात कारण नुसतं "मला हवीये" म्हणून भागत नाही, मुलाचं लग्न ठरलंय, घरात माणसं मावत नाहीत, असं काहीतरी खरं दाखवावं लागतं, भाडेकरूला काढायचं म्हणून गरज उभी केली असेल तर ती बोनाफाईड नाही. आणि गरज खरी निघाली तरी त्याच कलमात पुढे आहे की जागा सोडायला लावल्याने जास्त हाल कोणाचे होतील, दुसरी जागा कोणाकडे आहे का, हेही कोर्टाने बघायचं. आजीच्या बाजूने हा मुद्दा मोठा आहे, वकिलाला आवर्जून विचारा.

गंमत म्हणजे 'गुड फेथ'ची, म्हणजे याच सद्भावनेची, व्याख्यासुद्धा सगळ्या कायद्यांत सारखी नाही. 1897 च्या जनरल क्लॉजेस अ‍ॅक्टमध्ये (कायद्यांतल्या नेहमीच्या शब्दांचे अर्थ सांगणारा कायदा) काम प्रामाणिकपणे केलं की झालं, हलगर्जीपणा असला तरी चालतो, आणि 1860 च्या दंड संहितेत (2024 मध्ये तिच्या जागी भारतीय न्याय संहिता आली) पुरेशी काळजी घेतली नसेल तर त्याला गुड फेथ म्हणतच नव्हते.

हे सगळं जुन्या भाडेकरूंसाठी बरं का. तुम्ही स्वतः 11 महिन्यांच्या लीव्ह अँड लायसन्सवर राहत असाल तर तिथे बोनाफाईड गरज वगैरे काही सिद्ध करावं लागत नाही, मुदत संपली की जागा सोडायची.