बेळगावात माहिती अधिकाराचा अर्ज मराठीतून चालतो का?

तुम्ही दोन गोष्टी विचारल्यात: पंचायतीत मराठी अर्ज घेतात का, आणि पेपरवाले असले विषय उचलतात का.

मी खानापूर तालुक्यातला. माझा पहिला अर्ज मराठीतच होता, तो परत आला. चिडून कायदा उघडला, तर कलम ६ मध्ये इंग्रजी, हिंदी किंवा त्या भागाची राजभाषा एवढंच. इथली राजभाषा कन्नड. (गंमत म्हणजे त्याच देवनागरीत हिंदी लिहिलं तर घ्यावंच लागतं!) सरकारी कागद मराठीतून मिळावेत हा लढा आपल्या जागी आहेच, पण एका गटारीच्या बिलासाठी तो लढत बसू नका. कन्नड अर्जाने मराठीपण बाटत नाही. मी शेजाऱ्याकडून लिहून घेतला.

तोही परत आला, कारण त्यात रस्ता, गटार, पाण्याची टाकी सगळंच कोंबलं होतं. कर्नाटकाच्या नियमात एका अर्जाला एकच विषय आणि १५० शब्द. तिसऱ्यांदा फक्त गटारीच्या मोजमाप पुस्तकाच्या (झालेल्या कामाची मापं नोंदवलेली वही) आणि बिलांच्या साक्षांकित प्रती मागितल्या, १० रुपयांची पोस्टल ऑर्डर जोडली, पोच घेतली. "काम का रखडलं?" असं विचारायचं नाही, कागद मागायचा. ३० दिवस गप्प. वरच्या अधिकाऱ्याकडे पहिलं अपील टाकलं तसा पीडीओंचा (पंचायत विकास अधिकाऱ्यांचा) फोन, "या, घेऊन जा."

पेपरचं म्हणाल, तर वार्ताहराला आधी दोनदा तोंडी सांगून झालं होतं. त्याने चहा पाजला, बस्स. ठेकेदाराची नोटीस आली तर वार्ताहराच्या पाठीशी कोण? शिक्क्याच्या प्रती हातात दिल्या, त्याच आठवड्यात बातमी लागली.

माहिती अधिकाराचा कायदाच मुळी गावकरी आणि पेपरवाले अशा जोडीने आलाय. राजस्थानात मजदूर किसान शक्ती संघटनेने कामांची हजेरीपत्रकं गावासमोर वाचली, माहितीच्या हक्कासाठी १९९६ मध्ये ब्यावरला धरणं धरलं. प्रभाष जोशींसारखे संपादक सोबत उभे राहिले. न्या. पी. बी. सावंत अध्यक्ष असताना प्रेस कौन्सिलने कायद्याचा एक मसुदाही केला. २००५ चा कायदा त्यानंतरचा.

आणखी एक. २०२३ च्या डिजिटल व्यक्तिगत डेटा कायद्याने "वैयक्तिक माहिती" म्हणून नकार देणं सोपं केलंय. पत्रकार संघटनांचा त्याला विरोध आहे. तेव्हा अर्जात कुणाचं नाव घालू नका. कामाचं नाव, वर्ष आणि बिल, एवढंच लिहा.