बॅसिनेट, बशी आणि जिरेटोप

प्रश्न असा : १४ व्या शतकातल्या 'बॅसिनेट' या युरोपीय शिरस्त्राणाला मराठीत 'जिरेटोप' म्हणावे का?

त्याआधी एक चूक. डोळ्यांपुरती आडवी फट असलेल्या लोखंडी बादलीसारख्या टोपाचे चित्र लावायचे आणि खाली 'बॅसिनेट' लिहायचे, हे सर्रास चालते. ती बादली म्हणजे 'ग्रेट हेल्म'. इंग्लंडचा राजपुत्र एडवर्ड, ज्याला 'ब्लॅक प्रिन्स' म्हणतात, १३७६ मध्ये वारला. कँटरबरीतल्या त्याच्या थडग्यावरच्या पुतळ्याच्या डोक्यात बॅसिनेट आहे आणि उशाला हेल्म. दोन्ही शेजारी शेजारी, एकदा पाहिले की पुन्हा घोळ होऊ नये.

बॅसिनेट डोक्याला बिलगून बसते. माथ्याला टोक असते, म्हणजे वरून आलेला वार घसरून जातो. कडेने भोके असलेल्या छोट्या खुंट्या असतात. गळ्यावरच्या कड्यांच्या जाळीला वर चामड्याची पट्टी शिवायची, पट्टीतल्या चिरा खुंट्यांवर बसवायच्या आणि खुंट्यांच्या भोकांतून दोरी किंवा तार ओवायची. दोरी ओढून काढली की जाळी सुटी होते, तिचा गंज काढता येतो. आज या टोपाच्या प्रतिकृती करणारे जाळी थेट टोपाला रिव्हेटने ठोकतात, तिथेच सगळे बिघडते. जाळी खांद्यांवर टेकेल इतकी सैल हवी. आखूड पडली तर तिचा सगळा भार मानेवर येतो आणि डोके वळवताना ती खेचते. १५ व्या शतकात जाळीच्या जागी खांद्यांवर टेकणारे पत्र्याचे गळपट्टे आले, त्यामागे हा भारही एक कारण होता.

आता शब्द. जुन्या फ्रेंचमध्ये 'बासँ' म्हणजे पसरट भांडे, 'बासिने' म्हणजे छोटे भांडे. ६ व्या शतकात फ्रान्समधल्या तूर गावचा बिशप आणि इतिहासकार ग्रेगरी लाकडी थाळ्यांचा उल्लेख करताना सांगतो की लोक त्यांना 'बाक्किनोन' म्हणतात. टोकदार टोपाला भांड्याचे नाव कसे, म्हणून ही व्युत्पत्ती झटकून टाकणारे आहेत. त्यांनी सुरुवातीचे टोप पाहिलेले नाहीत. ते गोल, उथळ, पालथ्या वाडग्यासारखे होते. टोक नंतर आले, नाव तेच राहिले. जर्मनांनीही याला 'बेकेनहाउबे', म्हणजे भांडे-टोपी, म्हटले. दोन भाषांना एकच भांडे दिसले, यापेक्षा आणखी काय पुरावा हवा?

आणि हेच भांडे आपल्या स्वयंपाकघरात आहे. पोर्तुगीज 'बासिआ' याच कुळातला, आणि त्याचीच आपली 'बशी'. 'कप बसतो म्हणून बशी' हे छातीठोकपणे सांगितले जाते, ते सोडून द्यावे. कोंकणीत बशी म्हणजे जेवायची थाळी, तिच्यात कप बसवायचा प्रश्नच येत नाही. 'स'चा 'श' कसा झाला, हा आक्षेपही टिकत नाही. 'ई'च्या आधी मराठी हेच करते : सिपाहीचा शिपाई, सिक्क्याचा शिक्का, सिलाहदाराचा शिलेदार. तेव्हा बासिआची बशी होणे अगदी घरच्या चालीचे आहे. कप ठेवायची बशी आणि सरदाराचे बॅसिनेट या सख्ख्या नसल्या तरी चुलत बहिणी नक्कीच.

राहिला जिरेटोप. त्यातले 'जिरे' म्हणजे फोडणीतले नव्हे, फारसी 'ज़िरह', कड्यांचे चिलखत. अर्थाने पाहिले तर जाळी लोंबणाऱ्या बॅसिनेटला हा शब्द चपखल बसतो. पण आज 'जिरेटोप' वाचले की डोळ्यांपुढे मोत्यांचा तुरा आणि शिवाजी महाराज येतात, आणि फ्रान्समधली लढाई वाचणारा वाचक थेट रायगडावर पोचतो. भाषांतरात 'बॅसिनेट'च ठेवावे, पहिल्या वेळी 'गळ्याला जाळी असलेले शिरस्त्राण' असे खुलासा म्हणून जोडावे. नुसते 'शिरस्त्राण' लिहिले तर हेल्म आणि बॅसिनेट पुन्हा एक होतात.

या कुळातला सर्वांत सुंदर शब्द मात्र स्पॅनिशमध्ये घडला. १६०५ च्या 'डॉन किहोते' या कादंबरीत न्हाव्याचे पितळी भांडे, म्हणजे 'बासिया', नायक डॉन किहोतेला मांब्रिनो या दंतकथेतल्या राजाचे शिरस्त्राण, म्हणजे 'येल्मो', वाटते. न्हावी म्हणतो भांडे, मालक म्हणतो शिरस्त्राण. दोघांच्या मध्ये सापडलेला डॉन किहोतेचा सेवक सांचो पान्सा त्या भांड्याला म्हणतो 'बासियेल्मो'.