वर्गणीची वही सभेत ठेवा

प्रश्न : भांडुपच्या कारखान्यात माझ्याबरोबर 22 वर्षं काम केलेले आमचे युनियनचे खजिनदार गेल्या आठवड्यात हार्ट अटॅकने गेले. वर्गणीच्या हिशोबात त्यांनी कधी रुपया इकडचा तिकडे होऊ दिला नाही. आता मोठा फ्लेक्स आणि नेत्यांची भाषणं ठरतायत. मला ते पटत नाही, पण दुसरं काय करावं तेही सुचत नाही. – एक कामगार

उत्तर : भाऊ, तुम्हाला जे खटकतंय ते बरोबर आहे. आधी वहिनींना भेटा. सभा कधी घ्यावी, घरातलं कुणी बोलणार का, हे त्यांनाच विचारा. दहावं-तेरावं होईपर्यंत सभा नको. तोवर शिफ्ट बदलताना गेटवर दोन मिनिटं उभं राहून श्रद्धांजली वाहा, म्हणजे दोन्ही पाळ्यांची माणसं येतील.

शोकसभा रविवारी घ्या आणि तासाभरात आटपा. वक्ते पाच, त्यातले तिघे त्यांच्याच खात्यातले. नेत्यांना दुसऱ्या क्रमांकावर बोलू द्या. शेवटी ठेवलं की भाषण लांबतं आणि घरचे ताटकळतात. ‘मनमिळाऊ, हसतमुख’ कुणालाही म्हणता येतं. कुठल्या करारात ते कशासाठी अडून बसले, कुणाच्या सस्पेन्शनच्या केसमागे धावले, ते वर्षासकट सांगा. कामगार चळवळीचे नेते नारायण मेघाजी लोखंडे आजही आठवतात ते 1890 साली गिरणी कामगारांना मिळालेल्या रविवारच्या सुट्टीमुळे.

ओळखपत्रावरचा फोटो मोठा केला की चेहरा पुसट होतो. मुलांकडून मूळ फोटो मागून घ्या. फोटोशेजारी वर्गणीची वही उघडी ठेवा. त्यांच्या अक्षरातली नावं, रकमा आणि सह्या सगळ्यांना बघू द्या.

जमलेली मदत मंचावर पाकिटातून देऊ नका. थेट वहिनींच्या खात्यात भरा, देणाऱ्यांची यादी घरी पोचवा.

आणि खरा मान त्यांच्या हक्काच्या पैशात आहे. हे काम युनियनने अंगावर घ्यावं, वहिनींना ऑफिसात खेपा घालायला लावू नयेत. मृत्यूच्या दाखल्याच्या सात-आठ प्रती काढा. दाखल्यावरचं नाव आणि पीएफमधलं नाव अक्षरन्‌अक्षर जुळतंय का ते आधी बघा. पुष्कळ क्लेम इथेच अडकतात. पीएफसाठी फॉर्म 20, पेन्शनसाठी 10डी, पीएफसोबत असणाऱ्या विम्यासाठी 5आयएफ. हा विमा जास्तीत जास्त सात लाखांपर्यंत मिळतो, पण पुष्कळ घरांना तो असतो हेच ठाऊक नसतं. खजिनदार ईएसआयमध्ये, म्हणजे कामगार राज्य विमा योजनेत असतील तर अंत्यविधीच्या खर्चाचे 15,000 रुपयांपर्यंत मिळतात. तो अर्ज तीन महिन्यांच्या आत करा.

ग्रॅच्युइटीचा हिशोब स्वतः करून ठेवा : शेवटचा बेसिक अधिक डीए (महागाई भत्ता), भागिले 26, गुणिले 15, गुणिले नोकरीची वर्षं. बेसिक-डीए 26,000 आणि नोकरी 22 वर्षं धरली तर 3,30,000 रुपये होतात. शेवटच्या वर्षात सहा महिन्यांहून जास्त काम झालं असेल तर तेही पूर्ण वर्ष धरतात. ऑफिसवाले ते सोडून देत नाहीत ना, हे बघा. रक्कम 30 दिवसांत द्यायची असते, उशीर झाला तर व्याज लागतं. म्हणून अर्जाच्या प्रतीवर तारखेसह पोच घेतल्याशिवाय ऑफिसातून हलू नका.