ऑफ-रोडिंगहून आल्यावर गाडी कशी धुवावी? रंग टिकावा म्हणून सिरॅमिक कोटिंग करून घेऊ का, आणि शाम्पू कोणता वापरू?

सिरॅमिकचं, म्हणजे रंगावर चढवतात त्या पातळ पारदर्शक थराचं, नाव काढलंत म्हणून लिहायला बसलो. धुण्याबद्दल सांगण्यासारखं फारसं नाही. आधी नुसतं पाणी मारून माती भिजू द्या, सुटू द्या, मगच हात लावा. सुक्या चिखलावर फडका फिरवणं म्हणजे रंगावर पॉलिशपेपर घासणं. दोन बादल्या ठेवा, एक शाम्पूची, एक मळका फडका खळबळायला. भांड्यांचा साबण नको, तो वॅक्सही घेऊन जातो. झालं.

आता मुद्द्याचं. आमच्या साडूंनी त्यांच्या फोर बाय फोरला सिरॅमिक करून घेतलं, तेव्हापासून घरातल्या प्रत्येक कार्यात तोच विषय. बॉनेटवरून पाणी कसं घरंगळतं याचे व्हिडिओ दाखवायचे. मी म्हणायचो, भाऊ, गाडी वरून सडत नाही, खालून सडते. त्यावर चारचौघांत म्हणाले, "तुम्ही गाडीखाली झोपा, आम्ही गाडी चालवतो."

पुढे मागच्या बाजूने खडखड सुरू झाली आणि गाडी लिफ्टवर चढली. मी बरोबर होतो. दारांत तोंड दिसेल इतकी चकाचक गाडी आणि चेसिसच्या, म्हणजे खालच्या सांगाड्याच्या, पोकळ रेलमध्ये चिखल ठासून भरलेला. मिस्त्रींनी भोकातून तार घातली तर ओला गाळ बाहेर आला. गाडी कितीतरी दिवस उन्हातच उभी होती, पण निचऱ्याची भोकं बुजल्यावर आतली ओल जाणार कुठून? शॉकअपच्या ब्रॅकेटजवळ वेल्डिंगच्या कडेला त्यांनी स्क्रू ड्रायव्हर जरा दाबला, तो सरळ आत गेला. साडू काय म्हणाले असतील? "कोटिंग होतं म्हणून एवढ्यावर निभावलं." कोटिंग बॉनेटवर, गंज चेसिसला!

म्हणून सांगतो, प्रेशर वॉशर हातात आला की अर्ध्याहून जास्त वेळ खाली घालवा. व्हील आर्चची (चाकावरच्या कमानीची) आत वळलेली कड, सिल (दाराखालचा पत्र्याचा उंबरा) आणि दारांच्या खालची भोकं, चेसिसच्या रेल आतून. स्किड प्लेटवर, म्हणजे गाडीच्या पोटाखालच्या संरक्षक पत्र्यावर, मातीचा ढीग बसतो, तो प्लेट खोलल्याशिवाय निघत नाही, तेव्हा खोला. समुद्रकिनाऱ्यावरून आलात तर हे सगळं त्याच दिवशी, गोड्या पाण्याने. खालून पूर्ण सुकलं की लांब नळीने पोकळ्यांमध्ये कॅव्हिटी वॅक्स (पोकळीत मारायचं गंजरोधक मेण) किंवा लॅनोलिनचा (लोकरीतल्या मेणाचा) स्प्रे मारा. तो सांध्यांत झिरपत जातो आणि हे दरवर्षी करावं लागतं. काळं डांबरी अंडरबॉडी कोटिंग गंजावरच फासणाऱ्यांपासून लांब राहा. थर तडकला की पाणी आत अडकतं आणि गंज झाकलेला राहतो. हेही साडूंनी नंतर केलंच.

हो, एक राहिलं. पाण्याचा झोत रेडिएटरवर जवळून मारू नका, त्याच्या पातळ पट्ट्या (फिन) वाकतात. बेअरिंगचे सील, ॲक्सलचे ब्रीदर (हवा ये-जा करायच्या नळ्या) आणि वायरिंगचे कनेक्टर यांनाही जपा. ब्रेक डिस्क तापलेल्या असतील तर आधी थंड होऊ द्या. आणि तो गंजरोधक स्प्रे डिस्क-पॅडवर उडता कामा नये, रबरी बुशवरही नको.

सिरॅमिक अगदीच वाया आहे असं नाही म्हणत. चिखल लवकर सुटतो, धुणं सोपं होतं. पण थर जेमतेम काही मायक्रॉनचा, झुडपांचे ओरखडे आणि उडणारी खडी तो अडवत नाही. त्यासाठी पीपीएफ (पेंट प्रोटेक्शन फिल्म), साधारण 150 ते 200 मायक्रॉनची पॉलियुरेथेन फिल्म. पूर्ण गाडीला परवडत नसेल तर दारांचा खालचा भाग आणि मागच्या चाकांच्या पुढचा पत्रा एवढ्यावर लावली तरी चालते. मात्र दोन्हीपैकी काहीही करण्याआधी गाडी एकदा लिफ्टवर घ्या, आणि "खाली काय बघायचंय" म्हणणारा कोणी घरात असेल तर त्यालाही बरोबर न्या.

शाम्पू कुठलाही पीएच न्यूट्रल (आम्लही नाही, अल्कलीही नाही असा) चालेल.