प्राचितगडला पहिल्यांदाच ग्रुप नेतोयस ना, मग ऐक

गाडी संगमेश्वरातून आत शृंगारपूरला लाव, पण गड चांदोली नॅशनल पार्कात येतो, 2004 पासूनचं आहे ते, म्हणजे आधी वनखात्याची परमिशन काढ. भर जुलैत नको रे बाबा, ओढा बघता बघता कमरेएवढा होतो, आमचं अर्धं टोळकं पलीकडे अडकलेलं आणि डबे सगळे अलीकडे! पाऊस ओसरला की जा. जळवा तेव्हाही असतातच, मोज्याच्या काठावर काळा दोरा वळवळताना दिसला की खेचायचं नाही, नखाने तोंडाकडून हळूच सरकवायची, रक्त बराच वेळ वाहतं, त्याला घाबरू नको. जीन्स अजिबात नको, भिजली की पायाला दगड बांधल्यासारखी होते. आणि सगळ्यात हळू चालणाऱ्याला पुढे ठेव.